होल्स्टर चौथं, तक्रार तीच

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, आभाळ दाटून आलेलं, अंगाला शर्ट चिकटलेला. फोंड्याकडचे एक बागायतदार म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला आले होते, तसेच माझ्या दुकानी आले आणि काउंटरवर पिशवी उपडी केली. चार होल्स्टर, म्हणजे पिस्तूल कमरेला अडकवायची घरं. एक काळं नायलॉनचं, 'सगळ्यांना बसतं' म्हणून विकतात ते. एक मऊ कातड्याचं, स्टीलच्या क्लिपचं. एक कायडेक्सचं, म्हणजे साच्यात घडवलेल्या कडक प्लास्टिकचं, कुठल्या तरी परदेशी पिस्तुलासाठी बनलेलं. आणि एक जाड चामड्याचं, अंगठ्यानं उघडायच्या पट्टीचं, चारांत महाग.

"बाब, हे चौथं. शर्टातून दिसतंच. स्कूटरवर बसलो की वर सरकतं. आणि हा फोटो बघ, डावी बाजू कशी झालीय."

फोटोत त्यांचं .32 पिस्तूल होतं. स्लाइडच्या, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागाच्या, डाव्या अंगावर तपकिरी ठिपके, पावसाळ्यात देवळाच्या भिंतीवर उमटतात तसे.

मी म्हटलं, "कमरेचा पट्टा दाखवा."

"पट्ट्याचं काय? होल्स्टरचं बोल ना."

हेच. गेल्या काही वर्षांत ज्यांनी ज्यांनी ही तक्रार आणली, त्यातल्या बहुतेकांची गाठ होल्स्टरमध्ये नव्हती. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. मी बंदुकीचा मिस्त्री नाही, चामड्यातला माणूस. पट्टे, बॅगा, सुरक्षारक्षकांच्या बारा बोअरच्या काडतुसांचे पट्टे शिवता शिवता होल्स्टरकडे वळलो. तेव्हा पिस्तुलाच्या आतल्या यंत्राबद्दल मला विचारू नका. कमरेपासून मुठीपर्यंतचं विचारा.

काही तपासण्याआधी

घरी काहीही करून बघायचं तर पिस्तूल रिकामं करा, आणि क्रम चुकवू नका: आधी मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) बाहेर, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला बसलेली) गोळी बाहेर, मग डोळ्यांनी बघा आणि करंगळीनं चाचपा. मॅगझीन काढली म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं नाही. चेंबरमधली एक गोळी तिथंच असते, आणि बऱ्याच जुन्या .32 पिस्तुलांत मॅगझीन नसतानाही ती सुटते. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, मग आरशासमोर उभे राहा.

दुसरं, हत्यार माझ्याकडे किंवा कुठल्याही कारागिराकडे 'दोन दिवस राहू दे, माप घे' म्हणून ठेवून जाऊ नका. परवाना तुमच्या नावावर आहे, माझ्या नाही. मी माप घेतो ते तुमच्या समोर, रिकाम्या पिस्तुलाचं, तुमच्याच हातात असताना. नेहमीच्या तीन-चार नमुन्यांचे लाकडी ठोकळे मी सागात कोरून ठेवलेत, त्यांच्यावर चामडं बसवतो. लोकांना वाटतं हा नखरा आहे. असू दे.

तिसरं. लपवून नेणं ही हौस नव्हे. आर्म्स रूल्स, 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि तुमच्या ताब्यात हवं. म्हणजे शर्टाखालून मूठ दिसणं ही नुसती लाजेची गोष्ट नाही. आणि पेडण्याचे जे लोक पत्रादेवीची हद्द ओलांडून महाराष्ट्रात बांदा-सावंतवाडीला रोज जातात, त्यांनी आपला परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे तो कागद एकदा उघडून वाचावा. होल्स्टर कितीही चांगलं असलं तरी त्याला हद्द कळत नाही.

शर्टातून दिसतं

ही तक्रार दहांतल्या आठांची. ती सांगताना सगळे हात नळीकडे नेतात. "नळी लांब आहे म्हणून दिसतं, आखूड पिस्तूल घेऊ का?" नळी विजारीच्या आत असते, मांडीला समांतर. ती कशाला दिसेल? दिसते ती मूठ. पिस्तुलाची मूठ शरीराला काटकोनात मागे निघते, तिचं खालचं टोक शर्टाला आतून ढोसतं, आणि वाकलात की तिथं तंबू उभा राहतो.

वॉल्थर पीपीके घ्या, आपल्याकडे वडिलोपार्जित परवान्यांत अधूनमधून भेटतं. लांबी 155 मिलीमीटर, उंची दहा सेंटिमीटरच्या आसपास, रिकाम्याचं वजन 590 ग्रॅम. खिशात मावेल असं पिस्तूल. तेही खराब पट्ट्यावर विटेसारखं दिसतं. कारण असं, की भरल्यावर साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास वजन पट्ट्याच्या एका बाजूला लटकतं, आणि मऊ पट्टा त्या वजनानं पिळतो. पट्ट्याची वरची कड बाहेर कलंडते, होल्स्टर तिच्यासोबत कलंडतं, मूठ अंगापासून दोन बोटं सुटते. तुम्ही होल्स्टर बदलता. नवं होल्स्टर त्याच पट्ट्यावर चढतं आणि तसंच कलंडतं.

फोंड्याच्या त्या गृहस्थांचा पट्टा मी हातात घेतला. लग्नाबिग्नात घालतात तसला, चकचकीत, वर पातळ कातडं आणि आत पुठ्ठा. वीतभर अंतरावर दोन्ही हातांत धरून पिळला तर ओल्या फडक्यासारखा पिळला गेला, आणि बकलाजवळ पुठ्ठा मोडल्याची रेघ दिसली. त्यांना घरी करायला सांगितलं ते तुम्हीही करून बघा: अर्ध्या लिटरची पाण्याची भरलेली बाटली दोरीनं पट्ट्याला उजव्या कमरेवर अडकवा आणि आरशात बघा. पट्ट्याची वरची कड अंगाला चिकटून राहिली तर पट्टा बरा. बाहेर ओठ काढला तर पुढचं वाचायच्या आधी पट्टा बदला.

चांगला पट्टा म्हणजे दोन थर चामडं, पाठीला पाठ लावून चिकटवलेलं आणि दोन्ही कडांनी शिवलेलं, एकूण जाडी चार ते पाच मिलीमीटर, रुंदी 38 मिलीमीटर. शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा, मेण लावलेला. सुती दोरा आपल्या घामात दोन पावसाळे टिकत नाही, आतून कुजतो आणि वरून कळतही नाही. आता रुंदीचं. दुकानांत बहुतेक विजारींचे पट्टे 35 मिलीमीटरचे असतात, आणि होल्स्टरची पट्टा ओवायची खाच 38 मिलीमीटरची. ते तीन मिलीमीटर म्हणजे तुमचं पिस्तूल चालताना डोलतं ते. पट्टा आणि खाच एकाच मापाची घ्या. खाच मोठी असेल तर आत चामड्याची पट्टी चिकटवून लहान करता येते, दहा मिनिटांचं काम, पण कोणी विचारत नाही.

पट्टा ठीक झाला, तरी मूठ दिसते? मग कोन बघा. बेंबीला बारा वाजले धरले तर उजवं कमरेचं हाड तीन वाजता येतं. साडेतीन-चारला पिस्तूल ठेवत असाल तर होल्स्टरला पुढे झुकाव हवा, साधारण 15 अंश. तेवढ्यानं मुठीचं टोक मागं निघायच्या ऐवजी वर, बरगडीच्या रेषेत वळतं. सरळ उभं होल्स्टर चारला घातलं की मूठ मागं शेपटीसारखी निघते. पोट सुटलेल्यांनी (मी त्यांच्यातलाच) पुढे, बेंबीजवळ ठेवायच्या फंदात पडू नये. बसलं की पोट मुठीला बाहेर ढकलतं, आणि नळीचं तोंड कुठं वळलेलं असतं हे मी लिहायला नको.

आणि शर्ट. पांढरा, पातळ, अंगाबरोबर शिवलेला शर्ट असेल तर देवसुद्धा काही करू शकणार नाही. एक माप मोठा घ्या, खोचू नका, खालची कड सरळ असलेला घ्या. सगळ्यांत उत्तम झाकतो तो फुलाफुलांचा शर्ट, कळंगुटला पर्यटक घालून फिरतात आणि आपण हसतो तो. नक्षीवर डोळा थांबत नाही, घडी कुठली आणि उंचवटा कुठला ते कळत नाही. साखळीचे एक शेठ आता तसलेच घालतात. गावात त्यांना 'टुरिस्ट' म्हणतात.

स्कूटरवर वर सरकतं

आपल्याकडची ही खास तक्रार. परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघून काही उपयोग नाही, ते गाडीत बसतात. स्कूटरवर गुडघे वर येतात, कंबर काटकोनात मोडते, वाऱ्यानं शर्ट पाठीवर चढतो. दोनच्या किंवा अडीचच्या जागी पिस्तूल असेल तर मांडी ते खालून वर ढकलते. चारच्या पलीकडे मागं असेल तर शर्ट उडाला की मागच्या माणसाला दर्शन.

रिकामं पिस्तूल लावून स्कूटर स्टँडवर उभी करा, बसा, दोन्ही हात हँडलवर ठेवा, तसेच दोन मिनिटं राहा. कुठं टोचतं ते हाड तुम्हाला स्वतःच सांगेल. बहुतेकांना साडेतीनची जागा आणि होल्स्टर बोटभर उंच, एवढ्यानं बरं वाटतं. क्लिप दोन असतील तर विजारीचा लूप दोघींच्या मधे येऊ द्या. लूप हा खुंट आहे, तो होल्स्टरला पुढं-मागं घसरू देत नाही. एका क्लिपचं होल्स्टर स्कूटरवर अर्ध्या तासात दोनदा जागा बदलतं. शर्टाखाली बनियन घाला आणि ती खोचा. कातडी घासण्यापासून वाचते, आणि वारा शर्ट उचलेल तेव्हा निदान उघडी पाठ दिसणार नाही.

कायडेक्सवाल्यांनी एक वेगळी गोष्ट बघावी. पकड कमी-जास्त करायचे स्क्रू असतात, त्यांच्याखाली रबरी वॉशर. आपल्या रस्त्यांवरच्या धक्क्यांनी ते स्क्रू हळूहळू सुटतात. पकड सैल झाली की लोक म्हणतात होल्स्टर खराब. स्क्रू योग्य तेवढा आवळा, रंग किंवा नेलपॉलिशनं स्क्रूच्या डोक्यावरून होल्स्टरवर एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे धरून ठेवणारा गोंद) मिळालं तर एक थेंब घाला. लाल घालू नका, परत उघडणार नाही.

आणि एक जण मोठ्या अभिमानानं म्हणाला, "मी डिकीत ठेवतो, त्रासच नाही." स्कूटरची डिकी कोणीही चिमटीनं उघडतो. ते 'ताब्यात' नाही, ते सोडून दिलेलं आहे. पिऊन येणार असाल तरी तेच: पिस्तूल त्या दिवशी घरच्या तिजोरीत.

ओढलं की होल्स्टरही हातात येतं

क्लिपचा दोष. वाकवलेल्या पत्र्याची साधी क्लिप पट्ट्यावर नुसती बसते, पट्ट्याच्या खालच्या कडेला धरून ठेवायला तिला ओठ नसतो. खाली ओठ असलेली क्लिप घ्या किंवा टिच-बटणाचे चामडी लूप शिवून घ्या. झालं.

डावी बाजू गंजते

त्या फोटोकडे परत येतो. उजव्या हाताच्या माणसाचं पिस्तूल डाव्या बाजूनं गंजतं, हे ऐकून लोक चकित होतात. पण बघा: पिस्तूल उजव्या कमरेवर, नळी खाली, मूठ मागं. डावी बाजू अंगाकडे, उजवी बाहेर. घाम कुठून येणार? गंज कुठं आहे ते बघितलं की तो कुठून आला ते कळतं, म्हणून मी आधी फोटो मागतो.

डाव्या अंगाला ठिपके असतील तर घाम. उपाय: होल्स्टरच्या आतल्या बाजूला उंच पदर, म्हणजे अंग आणि स्लाइड यांच्या मधे चामड्याची जादा भिंत. पण तो पदर मऊ असेल तर दुमडून आत जातो, आणि त्याचा धोका पुढं सांगतो. दोन्ही बाजूंना सारखा, होल्स्टरच्या आकारात उमटलेला गंज असेल तर तो घाम नव्हे, साठवण. म्हणजे तुम्ही पिस्तूल चामड्यात ठेवून झोपता.

चामड्यात पिस्तूल ठेवून झोपायचं नाही. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात असतात, आणि चामडं हवेतला ओलावा स्पंजासारखं पितं. आपल्याकडे जुलैत हवाच पाण्याची. पणजीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मऊ, रंगीत, क्रोमनं कमावलेलं कातडं त्याहून वाईट. पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो तोही त्यामुळंच, चामडी घरात वर्षानुवर्षं अडकवून ठेवलेल्या गोळ्या बघा.

2024 च्या लोकसभा निवडणुकीत एकाचं असंच झालं. मार्चमध्ये आचारसंहिता लागली, हत्यार पोलीस ठाण्यात जमा. गोव्यात मतदान 7 मे रोजी, आचारसंहिता उठली जूनमध्ये. पिस्तूल परत आलं ते होल्स्टरची नक्षी अंगावर घेऊन. शिलाईचे टाकेसुद्धा मोजता येत होते. दोष कोणाचा नाही, त्यानंच होल्स्टरसकट दिलं होतं. जमा करताना पिस्तूल पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, सुक्या कापडात किंवा गंजरोधक कागदात द्या. होल्स्टर घरी, पंख्याच्या वाऱ्याला. आता पुढची निवडणूक येईल तेव्हा लक्षात ठेवा.

रोजचं काम दोन मिनिटांचं. घरी आल्यावर रिकामं करा, पुसा, बंदुकीच्या तेलाचा ओलसर बोळा फिरवा, तिजोरीत सिलिका जेलची डबी ठेवा. रंग बदलणारं जेल घ्या. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवा, परत वापरा. गंजाचे ठिपके सँडपेपरनं घासू नका. तेल लावून रात्रभर ठेवा आणि मऊ कापडानं पुसा. नखाला खड्डा लागत असेल तर परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

आता चामड्याची बाजू. पावसात भिजलं तर सावलीत, पंख्याखाली सुकवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरनं सुकवलं तर आक्रसतं आणि तडकतं. बुरशी आली तर पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसा, परत सावलीत. आणि कृपा करून खोबरेल लावू नका. आपल्या प्रत्येक घरात हा उपाय आहे: चपलेला खोबरेल, बॅगेला खोबरेल, होल्स्टरला खोबरेल. चपलेला ठीक. होल्स्टरची सगळी करामत त्याच्या कडकपणात आहे. तेल पाजलं की ते मऊ होतं, खवट वास येतो, आणि श्रावणात बुरशीला जेवण मिळतं. बाहेरून मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात, बस्स. आत काही नाही.

तोंड मिटतं

ही तक्रार कोणी करतच नाही, आणि सगळ्यांत धोक्याची हीच. मऊ कातड्याचं किंवा नायलॉनचं होल्स्टर पिस्तूल काढल्यावर पट्ट्याच्या दाबानं चपटं होतं. परत ठेवायला दुसऱ्या हातानं तोंड उघडावं लागतं. तेवढ्यात कड आत दुमडते, पिस्तूल आत ढकलताना ती दुमड ट्रिगर गार्डच्या, म्हणजे चापाभोवतीच्या कड्याच्या, आत शिरते आणि चाप दाबते. गोळी मांडीत. झिजलेल्या चामडी होल्स्टरांनी असे अपघात जगभर झालेत.

पिस्तूल रिकामं करून तीन गोष्टी तपासा. पिस्तूल आत असताना बाहेरून, ट्रिगर गार्डच्या जागी अंगठ्यानं जोरात दाबा. आत चाप हललेला जाणवला तर ते होल्स्टर कचऱ्यात टाका, कोणाला देऊ पण नका. मग पिस्तूल काढा आणि एका हातानं, दुसरा हात पाठीमागे ठेवून, परत घाला. जमलं नाही तर तोंड मिटतंय. शेवटी गादीवर होल्स्टर उलटं धरून हलवा. पिस्तूल स्वतःच्या पकडीनं राहिलं पाहिजे, पट्टीच्या बटणावर नव्हे.

तोंडाला आतून स्टीलच्या पट्टीची किंवा दुहेरी चामड्याची चौकट शिवता येते. पण कातडंच पातळ असेल तर मी ते काम घेत नाही. झिजलेल्या विजारीला कितीदा ठिगळ लावायचं?

परत ठेवताना घाई कोणालाच नसते, एवढं लक्षात ठेवा. शर्टाची कड, बनियन, रेनकोटची दोरी हे सगळं बाजूला सारून, आत बघून, बोट सरळ, मग पिस्तूल. रेनकोटच्या कमरेच्या दोऱ्या तर मी सरळ कापून टाकायला सांगतो.

जुन्या पिस्तुलांचं वेगळं

.32 ची गोळी ब्राउनिंगनं 1899 साली आणली. तेव्हापासूनची पिस्तुलं आपल्याकडे घराघरांत आहेत: कोल्ट, वेब्ली, वॉल्थर, आजोबांपासून नातवाकडे आलेली. नवीन घेणारे बहुतेक इशापूरचं 'अशनी' घेतात. 9 मिलीमीटर आपल्याकडे निषिद्ध बोअर, म्हणजे साध्या परवान्यावर न मिळणारं, म्हणून बाहेरच्या बाजारात ज्या पिस्तुलांसाठी शेकडो साच्यातली होल्स्टर मिळतात ती आपल्या कामाची नाहीत. कोणी तरी 'जवळपास बसतं' म्हणून ग्लॉक या परदेशी पिस्तुलाचं कायडेक्स मागवतो. जवळपास बसणारं होल्स्टर म्हणजे न बसणारं होल्स्टर.

जुन्यांत तीन गोष्टी माझ्या हाताखाली वारंवार आल्या. एक, सेफ्टीचा, म्हणजे गोळी सुटू न देणारा, खटका बहुतेकांचा डाव्या अंगाला, म्हणजे अंगाकडे. पट्टी किंवा आतला पदर त्याला घासून दिवसभरात सरकवतो. सकाळी लावलेली सेफ्टी संध्याकाळी उघडी सापडली असेल तर तुम्ही विसरलेला नाही, होल्स्टरनं उघडली. तिथं चामड्याला खाच कापून द्यावी लागते. दोन, मॅगझीन सोडायचं बटण अंगाकडे असलेल्या पिस्तुलात पोट ते दाबतं. मॅगझीन अर्धी निसटून लटकते आणि कळत नाही. कोल्ट-वेब्लीसारख्यांत खटका मुठीच्या तळाला असतो, तो खुर्चीच्या हातात अडकतो. तीन, शंभर वर्षांपूर्वीची रचना पडल्यावर गोळी सुटणार नाही अशी नसते. माझं मत विचाराल तर असलं पिस्तूल चेंबर रिकामं ठेवूनच कमरेला लावावं. या मतावर दुकानात भांडणं झालीत, तरी मत तेच आहे.

मग घ्यायचं कुठलं?

रोज स्कूटर, घाम, पाऊस, आणि तुमच्या नमुन्याचा खरा साचा मिळत असेल तर कायडेक्स. पाणी पीत नाही, तोंड मिटत नाही. लाल माती आणि वाळू मात्र आत अडकते आणि स्लाइडवर रेघोट्या ओढते, म्हणून आठवड्यातून एकदा नळाखाली धुऊन वाळवा. बंद गाडीत मे महिन्याच्या उन्हात टाकून जाऊ नका, मी वाकलेली बघितलीत.

साचा मिळत नसेल, आणि आपल्या .32 साठी बहुधा मिळत नाही, तर वनस्पतीजन्य सालींनी कमावलेलं तीन मिलीमीटरचं चामडं, ठोकळ्यावर ओलं बसवलेलं. कोमट पाण्यात बुडवायचं, ठोकळा घालायचा, हाडाच्या दाबणीनं ट्रिगर गार्डच्या भोवती दाबत जायचं, जोवर बाहेरून चापाचं कडं बोटाला वाचता येत नाही तोवर. मग सावलीत. मार्चमध्ये दीड दिवस लागतो, जुलैत चार. घाई करणाऱ्याला मी जुलैत घेतच नाही. नवं असताना ते घट्ट असतं. रिकामं पिस्तूल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवा, सकाळी काढा. चामड्यात ठेवून झोपायला एवढीच एक रात्र मुभा.

नायलॉनचं 'सगळ्यांना बसणारं'? नाही.

फोंड्याच्या त्या गृहस्थांचं सांगायचं राहिलं. चारांपैकी नायलॉन, मऊ कातडं आणि कायडेक्स मी बाजूला काढली. मऊ कातड्याची क्लिप तेवढी कापून घेतली, स्टील चांगलं होतं. चौथं, जाड चामड्याचं, मुळात बरंच होतं. त्याची खाच 38 ची, पट्टा 35 चा, आणि सेफ्टीच्या जागी पदर घासत होता. पट्टा शिवून दिला, सेफ्टीला खाच कापली, लूपाच्या दोन बाजूंना दोन टाचण्या मारल्या. आठ दिवसांनी फोन आला.

"बाब, दिसत नाही आता. पण विजार ढिली होते."

म्हटलं, पुढच्या शुक्रवारी या, पट्ट्याला एक भोक आणखी पाडून देतो.